चौथ्या पिढीवरची बाई

माझा खापरपणजा इंग्रज होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. आमच्या तांड्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी तोंडातून काढत नाही. शाळेत पोरं मला 'घारी' म्हणून चिडवायची. मी दगड उचलायची. घरी आल्यावर मार मलाच बसायचा, आणि पोरं काहून चिडवतात हे विचारलं की आणखी दोन जास्त. वडिलांचे डोळे घारे, आजोबांचे घारे, माझे घारे. एखादा नवा माणूस डोळ्यांकडं टक लावून बघायला लागला की आई म्हणायची, "आमच्यात असतात तसे." झालं, विषय मिटला. तिच्या माहेरी एकाचेही घारे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पुढं मी शिक्षिका झाले तेव्हा एका तपासणीला आलेले साहेब वर्गापेक्षा माझ्या डोळ्यांकडंच जास्त बघून राहिले होते. शेवटी म्हणाले, "तांड्यावरच्या वाटत नाही तुम्ही." मी म्हटलं, "तांड्यावरचीच आहे. पुढचं विचारायचं असेल तर आधी तुमच्या खापरपणज्याचं सांगा." त्या वर्षी माझा शेरा काही चांगला आला नाही.

आमचा तांडा हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडं जाताना डांबरी सोडून आत आहे. घरात आम्ही आमची गोरमाटी बोलतो. शिकले मराठीतून, जन्मभर शिकवलं मराठीतून, म्हणून लिहायला मराठीच हाताशी येते. पूर्वी आमचे लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. त्या धंद्याला लदेणी म्हणत. हिंगोलीला तेव्हा गोऱ्या साहेबांची छावणी होती, आणि छावणीला धान्य पोचवणाऱ्यांत आमचा तांडाही होता. आमचा साहेब तिथं बैलांच्या खरेदीवर होता. बैल पारखता पारखता त्याची आणि आमच्या नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, ओळख झाली. मग त्यानं नोकरी सोडली, पण बाकीच्या साहेबांसारखा मायदेशी परत गेला नाही. तांड्याशेजारी जमीन केली, दगडी जोत्याचं घर बांधलं आणि राहिला. घर केव्हाच पडलं. जोतं आहे अजून; त्यावर आम्ही तूर बडवतो.

त्याच्याबद्दल मला जे कळलं ते आजोबांकडून, तेही कापूस वेचताना, आजूबाजूला कोणी नसेल तेव्हा. साहेब भाकरी चाकूनं कापून खायचा. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेचे चारी पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवायचा. गोरमाटी शिकला, पण आधी शिव्या शिकला, मग बाकीचं. अंगणात त्यानं पाऊस मोजायची काचेची नळी रोवली होती आणि रोज सकाळी वही घेऊन तिच्यापुढं उभा राहायचा. तांड्यातल्या बायका पाण्याला जाता-येता त्या नळीत ओंजळभर पाणी टाकायच्या. साहेब आपला मान हलवत लिहून घ्यायचा. त्याच्या वहीप्रमाणं आमच्या भागात भर वैशाखात धो धो पाऊस पडलेला असणार. हे सांगताना आजोबा पोट धरून हसायचे, मीही हसायची. मग ते पुढचं सांगायचे आणि हसू बंद व्हायचं.

नायकाची लेक त्याच्या घरी राहायला गेली. लग्न लागलं की नाही याबद्दल तांड्यात दोन मतं आहेत. मला दोन्हींशी घेणं-देणं नाही. चार लेकरं झाली, याबद्दल एकच मत आहे. दोन रंगानं आईवर गेली, सावळी. दोन बापावर गेली. थोरलं आठ-नऊ वर्षांचं झालं तेव्हा एका सकाळी साहेबानं चौघांना जोत्यावर ओळीनं उभं केलं आणि एकेकाची बाही कोपराच्या वर सरकवून बघितली. उन्हानं न रापलेली कातडी किती गोरी आहे, हे त्याला बघायचं होतं. इंग्लंडात कोण खपेल आणि कोण नाही, याची ही परीक्षा. एक मुलगी आणि एक मुलगा पास झाले. छावणीतली एक मडम मायदेशी चालली होती, तिच्याबरोबर त्या दोघांना पाठवून दिलं. नापास झालेल्या दोघांतला एक माझा पणजा.

मी जन्मभर पोरांना पास-नापास केलं, पण असली परीक्षा बघितली नाही. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. डोळे त्याचे घेऊन फिरते, तरी येतो.

त्या दिवसापासून नायकाची लेक त्याच्याशी बोलली नाही. भाकरी थापली, वाढली, तो तापानं फणफणला तेव्हा उशाशी बसली, पण तो मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. साहेब त्याच्या मोडक्यातोडक्या गोरमाटीत बोलत राहायचा आणि ही चुलीकडं बघत राहायची. आजोबा म्हणायचे, साहेब शेवटी तांड्यातल्या बायांना म्हणायला लागला होता की तिला निदान मला शिव्या तरी द्यायला सांगा. नाही दिल्या तिनं. बराबर केलं.

साहेब मेला. त्याला बांधावर पुरला. आता राहिलेल्या दोन लेकरांच्या लग्नाचा प्रश्न आला. आमच्यात गोत बघितल्याशिवाय काही होत नाही. एका गोताची माणसं म्हणजे भाऊ-बहीण, त्यांच्यात लग्न म्हणजे महापाप. अनोळखी माणूस भेटला तरी पाणी विचारायच्या आधी गोत विचारतात. साहेबाला कुठलं आलंय गोत? मग नायकानं आपलं स्वतःचं गोत नातवंडांना दिलं. माझ्या मते मोठ्या मनाचा माणूस. लग्नं झाली, वंश चालू लागला.

घोळ नंतर झाला. आमच्यात ढाडी असतो, म्हणजे वंशावळ गाणारा. सुगी झाली की तो तांड्यात येतो, सारंगीसारखं वाद्य मांडीवर घेतो आणि घरोघरच्या पिढ्या गातो. घरातला कर्ता पुरुष, मग त्याचा बाप, आजा, पणजा, असा मागं मागं जातो. आमच्या घरी कर्त्याच्या मागं चौथ्या पिढीवर आला की त्याला तिथं कोणीतरी पुरुष हवा. साहेब गाता येईना. म्हणून कुण्या जुन्या ढाडीनं तिथं एक माणूस घातला. नुसता घातला नाही, त्याला घोडा दिला, मिशा दिल्या, मोठी लदेणी दिली. आणि गोत दिलं नायकाचं, कारण आम्ही तेच लावतो.

आता बघा गंमत. बायको नायकाची लेक, तेव्हा तिचं गोत नायकाचं. नवरा हा मिशीवाला, त्याचंही गोत नायकाचं. म्हणजे साहेब लपवायच्या नादात ढाडीनं आमच्या खापरपणजीचं लग्न तिच्या भावाशी लावून टाकलं. परक्याशी संसार केला तर आमच्यात दंड होतो, एका गोतात केला तर तांड्यातून हाकलतात. लहान चुकीवर पांघरूण घालायला तिच्याहून मोठी चूक आणली, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक माना डोलावून ऐकत आले.

बरं, कुणाला माहीत नाही असंही नाही. आमच्या घरातल्या लग्नकार्यात मामाचा मान आजही नायकाच्या घराला जातो. पहिली चोळी तेच आणतात. एका गोताचा माणूस भाऊबंद असतो, तो मामा कसा होईल? पण होतो. चोळी आणतात, गाणं ऐकतात, जेवतात, घरी जातात. तरुणपणी मी एकदा ढाडीला हे विचारलं होतं. तो म्हणाला, "बाई, गाणं ऐकायचं असतं. तपासायचं न्हाई." मी तेव्हा नुकतीच वह्या तपासायला लागले होते, मला ते पटलं नाही. पण गप्प बसले, हेही खरं आहे.

गेल्या वर्षी ऊन तापायला लागलं तेव्हा इंग्लंडाहून एक बाई आली. सत्तरीची, सुती टोपी, उन्हानं लालबुंद झालेली. हिंगोलीत जुन्या गोऱ्या लोकांच्या कबरी बघत हिंडून राहिली होती. तिला हवी ती कबर तिथं नव्हती. कुणीतरी तिला सांगितलं की अमुक तांड्यापाशी एका शेताला साहेबाचं वावर म्हणतात. गाडीतून उतरून तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. डोळे बघून दोघींनाही काय ते कळलं. ती त्या पास झालेल्या मुलीची पणती. मी नापास झालेल्या मुलाची पणती. म्हणजे नात्यानं बहिणीच की आम्ही.

माझं इंग्रजी सातवीच्या पुस्तकापर्यंतचं, पण भांडायला पुरतं. तिनं ओट्यावर वंशावळीचा भला मोठा छापील कागद पसरला. वर साहेब. त्याच्या शेजारी एक इंग्रज बाई, कुण्या अधिकाऱ्याची मुलगी, छावणीत बाळंतपणात वारलेली. खाली दोनच मुलं. मी बोट ठेवून विचारलं, "ही कोण?" ती म्हणाली, घरात असंच सांगत आलेत, पुरावा मात्र कुठं मिळत नाही. मला हसूच फुटलं. आमच्या ढाडीनं मिशीवाला घातला, त्यांच्याकडच्या कुणीतरी झग्यातली मडम घातली. दोन्हीकडच्या शहाण्यांनी एकाच बाईला काढून टाकलं होतं.

मग मी तिला जोत्यावर नेलं आणि बाह्यांची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता ती खाली बसली. म्हणाली, तिची पणजी म्हातारी होईपर्यंत लांब बाह्यांचेच कपडे घालायची. उन्हाळ्यात, भांडी घासताना, अगदी आजारपणातसुद्धा तिनं बाही कधी वर केली नाही. नातवंडांना उन्हात खेळू द्यायची नाही. घरातले तिला विक्षिप्त समजायचे. बोलता बोलता ती बाई रडायला लागली, आणि मी, जिला तिच्यावर ओरडायचं होतं, ती तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. पास झालेलीचंही काही भलं झालं नव्हतं.

निघताना ती म्हणाली, "मी कागद दुरुस्त करून घराण्याचं पुस्तक छापणार आहे. मुलांची आई तुमच्या तांड्याची होती, असं तुम्ही लिहून सही करून द्याल का?"

दादा, माझा थोरला भाऊ, मागंच उभा होता. इंग्रजी त्याला येत नाही, पण सही हा शब्द हाताच्या खुणेवरून कळतो. त्यानं मला गोठ्यापाशी ओढत नेलं. त्याची काळजी मला माहीत होती. त्याची एकुलती लेक, माझी भाची, शिरड शहापूरकडं तलाठी आहे. मला लेकरू नाही. तिला मीच खेळवली, मीच शिकवली. तिची सोयरीक सिद्धेश्वर धरणाकडच्या एका तांड्यात जुळत आली होती. मुलगा बँकेत, घर चांगलं, आणि मुख्य म्हणजे दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. तिचा फोन वाजला की ती अंगणात जाऊन बोलायची आणि परत यायची ती हसतच. पुढच्या महिन्यात सगाई होती. सगाईत आमच्याकडं दोन्ही घरं मिळून गूळ खातात. गूळ खाल्ला की शब्द पक्का.

"गूळ खाऊन होऊ दे," दादा म्हणाला. "मंग काय लिहायचं ते लिही."

"ती आजच चालली परत."

"तर मंग पोस्टानं पाठव. आत्ता सई करू नको. गोत न्हाई असं कळलं तर पोरीला कोण करून घेईल? पाया पडतो तुझ्या."

थोरल्या भावानं पाया पडायची भाषा करावी, याचं मला फार वाईट वाटलं. पण त्याहून जास्त रागच आला. त्याच्यावर नव्हे, इतक्या वर्षांवर. मी आत गेले, रेघी कागद घेतला आणि लिहिलं की मुलांची आई आमच्या तांड्याच्या नायकाची लेक होती, तिला चार लेकरं झाली, दोन तुमच्याकडं आली, दोन तिच्यापाशी राहिली, मी राहिलेल्यांची. खाली सही ठोकली. दादानं माझ्याशी बोलणं टाकलं.

सही मी केली, पण बोभाटा केला तो तांड्यातल्या पोरांनी. गोऱ्या बाईबरोबर फोटो काढून 'आमची लंडनची आजी' म्हणून सगळ्यांनी स्टेटसला ठेवले. दोन दिवसांत बातमी धरणापलीकडं पोचली. मुलाच्या आजोबांचा निरोप आला: सगाईला येतो, पण गूळ खायच्या आधी ढाडीच्या तोंडून वंशावळ ऐकू.

दादा ढाडीला भेटून आला. जुनं तेच गायचं ठरलं. मग इतक्या दिवसांनी तो माझ्या दारात आला, आत न येता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "त्या दिवशी तू फक्त गप बस," म्हणाला. "तुझ्याकडून दुसरं काही नको." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भाचीला फोन केला. ती कचेरीत होती, मागं माणसांचा गलबला. म्हणाली, "आत्या, तू आन् बाबा आधी भांडून घ्या. माझ्यापुढं सातबाऱ्याला रांग लागलीय." मला कळेना की ती चिडलीय की थट्टा करून राहिली.

सगाईच्या दिवशी सकाळी दहाला पाहुणे आले. अंगणात मंडप, सतरंज्या, मधे गुळाचं ताट आणि नायकाच्या घरून आलेली चोळी. नायकाच्या गादीवर आता बसतो तो गृहस्थ मामाच्या मानानं पुढं बसला होता. मुलाचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत, लोडाला न टेकता ताठ बसले. भाची बायकांच्या बाजूला, पण पुढच्या रांगेत. मी तिच्या मागं. चहा झाला आणि आबांनी ढाडीला खूण केली.

ढाडीनं दादाचं नाव घेतलं, आमच्या वडिलांचं घेतलं, आजोबांचं, पणज्याचं. चौथ्या पिढीला त्यानं माझ्याकडं चोरून बघितलं आणि घोडा आणायला सूर वर नेला.

"थांब," मी म्हटलं.

दादानं डोळे मिटून घेतले. ढाडीचा हात तारेवरच थांबला.

"आबा," मी म्हटलं, "तुमी जाणते. मला एक सांगा. या घरात मामाचा मान कुणाला?"

"नायकाच्या घराला. चोळी समोरच तर हाय."

"म्हणजे चौथ्या पिढीची बाई नायकाची लेक. व्हय ना?"

"व्हय."

"तिचं गोत?"

"नायकाचं."

"आन् ढाडी आता ज्याला घोड्यावर बसवून आणून राहिला, त्याचं गोत?"

आबांनी चोळीकडं बघितलं, मग ढाडीकडं. पुरुषांच्या बाजूला कोणीतरी उगाच खोकलं.

"मी सांगते, तेच. म्हणजे या गाण्याप्रमाणं आमच्या बाईनं भावाशी संसार केला. हे तुमाला चालतं, आमाला चालतं, इतकी वर्षं चाललं. खरं सांगते ते ऐका. ती एका इंग्रजाच्या घरात राहिली. त्यानं तिची दोन लेकरं तिच्यापासून तोडून साता समुद्रापलीकडं पाठवली. त्यावर ती मरेपर्यंत त्याच्याशी बोलली न्हाई. उरलेली दोन तिनं वाढवली, त्यांच्यातून आमी आलो. यात तिनं काय वाईट केलं? साहेब आमी मिरवत न्हाई आन् लपवत बी न्हाई. पण तिला काढून तिच्या जागी मिशा बसवल्या, ते मी आता बसून ऐकणार न्हाई."

आबा वाईट माणूस नव्हते, हे लिहायलाच हवं. त्यांनी आवाज चढवला नाही की कुणाला नाव ठेवलं नाही. बराच वेळ पागोट्याचं टोक चाचपत बसले.

"बाई, तुमचं बराबर हाय," ते म्हणाले. "साहेब होता तर होता. कुणाच्या घरात काय झालेलं न्हाई? पोरगी आमाला पसंत हाय, नातवाला तर हायेच. पण गाणं चार तांड्यांत जातं. उद्या हिच्या लेकरांच्या सोयरिकीला आईचं गोत लोक याच गाण्यातून काढतील. तवा तकलीफ त्यांना हुईल. तुमी खरं घरात ठिवा. ढाडीला जुनं गाऊ द्या, आन् आपण गूळ खाऊ."

इथं माझा जोर गेला. शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहिले असते, पण माणूस समजुतीचं बोलत होता. समोर भाचीची पाठ दिसत होती, नव्या साडीची घडी अजून न मोडलेली. मनात आलं, साहेबाला मरून एक जमाना झाला, ती बाई मातीत गेली, आणि त्या मेलेल्यांपायी मी जिवंत पोरीचा संसार मोडायला बसले. मी ढाडीला म्हणणारच होते, गा बाबा, आण तुझा घोडा.

"आबा, मी बोलू का?" भाची म्हणाली.

आबांनी मान हलवली. ती मात्र आबांशी बोलली नाही, मुलाकडं वळली. "तुमाला काय वाटतं?"

मुलगा गोरामोरा झाला. त्यानं आधी आजोबांकडं बघितलं, मग गुळाकडं. "आबा म्हणतील तसं," म्हणाला.

मग बोलली ती कचेरीत बोलते तशी, सरळ. "बाप मेला की भाऊ माझ्याकडं वारस लावायला येतात. हळूच म्हणतात, बहिणीचं राहू द्या, ती काय, दिल्या घरी गेली. मी लावते. तोंडावर शिव्या खाते, पण लावते. मंग माझ्याच घरातली बाई गाळून मी गूळ कसा खाऊ? उद्या माझं एखादं लेकरू कुणाला पसंत पडलं न्हाई, तर माझ्या जागी कुणाला बसवाल, ते मला आजच कळू द्या."

आबा गुडघ्यावर हात देऊन उठले. "बघू," म्हणाले. आमच्यात बघू म्हणजे नाही, हे लहान लेकरालाही कळतं. त्यांच्या मागं बाकीचे उठले. मुलगा सगळ्यांत शेवटी उठला आणि जाता जाता त्यानं एकदा मागं बघितलं. भाचीनं नाही बघितलं. तिनं मांडीवर हात घट्ट धरून ठेवले होते, बोटं पांढरी पडेस्तोवर.

दादा गुळाच्या ताटाकडं बघत बसला होता. मला वाटलं, आता हा माझ्या अंगावर धावून येतो, आणि आला तर मी काही बोलणार नव्हते. तो माझ्याकडं वळलाच नाही. ढाडीला म्हणाला, "थांबला काहून? पोरगी म्हणते तसं गा."

ढाडीनं वाद्य पुन्हा मांडीवर घेतलं. "गातो की. माझी ना न्हाई," तो म्हणाला. "पण बाईचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. मग दादाकडं बघितलं. दादानं मामाच्या मानावर बसलेल्या नायकाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. आजोबांनी मला साहेबाच्या खाटेचे पाय सांगितले, पावसाची नळी सांगितली, शिव्यासुद्धा सांगितल्या. तिचं नाव सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. गोऱ्या बाईला लिहून दिलं तेव्हाही मी नायकाची लेक एवढंच लिहिलं होतं, तेही छाती पुढं काढून. साऱ्या मंडपाशी भांडून मी तिला तिच्या जागेवर आणलं, आणि तिला हाक काय मारायची ते मला ठाऊक नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"माझं घे," भाची म्हणाली.

"ते खोटं हुईल गं," माझ्या तोंडून गेलं.

"तिचं सापडलं की माझं काढा."

ढाडी दादाकडं बघत थांबला. तांड्याच्या गाण्यात शब्द बदलायचा तर घरच्या कर्त्याचा हुकूम लागतो. पाहुण्यांची पहिली माणसं तोवर गाडीचं दार उघडत होती, आबा अजून फाटकापाशी पायताण शोधत होते. दादानं डोळे पुसले आणि ताठ बसला.

"मोठ्यानं गा," तो म्हणाला. "पार गाडीपर्यंत ऐकू गेलं पायजे."